पावलाखालचं खापर

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे म्हणावं, तर माणूस दिवसभर एकाच खड्ड्यात उकिडवा बसलेला. भिंगरी आहे ती डोक्यात. उत्खननावर सगळे त्यांना ‘उकऱ्या’ म्हणतात. मी तिथेच खापरं धुते, म्हणून मी उकऱ्याची बायको.

यंदा त्यांना एका घराची चोपलेली जमीन लागली, आणि तिच्यात लहान मुलाची दोन पावलं. ओल्या मातीत शिरलं असेल कार्टं! आम्ही खोदतो त्या टेकाडातलं सगळ्यात जुनं घर हेच, असं ह्यांनी उत्खनन चालवणाऱ्या मोठ्या सरांना सांगून टाकलं. सर खूश. पुढच्या वर्षी ह्यांना स्वतःच्या नावाने खोदायला मिळणार होतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी उकरलं, आता कुठे घास तोंडाशी आला होता.

पण एका पावलाशेजारची माती जरा भुसभुशीत निघाली. झालं! जेवणावरचं लक्ष उडालं. जमिनीखाली कुणी बुजवलेला खड्डा असेल, तर जमीन त्या खड्ड्यानंतरची. खड्ड्यात जे सगळ्यात अलीकडचं सापडेल, त्याहून हे घर जुनं असूच शकत नाही. बघायचं तर पाऊल कापायला हवं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही.

“खाजवून खरूज कशाला काढताय?” मी म्हटलं. “लेकराचं पाऊल आहे हो ते.”

“अगं, कळल्याशिवाय चैन पडायचं नाही मला.”

फोटो काढले, मापं घेतली, अर्धी जमीन कापली. एक पाऊल गेलं. मला बघवेना.

दुपारी त्या खड्ड्याच्या तळातली खापरं माझ्या टोपलीत आली. एकावर ब्रश फिरवला नि ते उन्हात धरलं. हिरवी, चकाकती झिलई. असली भांडी फक्त अगदी वरच्या थरात निघतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे घर शेकडो वर्षं अलीकडचं.

“टाकून देऊ?” मी हळूच विचारलं. “एवढंसं तर आहे.”

ते भडकलेच. खापर हिसकावलं आणि तिथूनच सरांना फोन लावला. “सर, घराबद्दल माझं चुकलं.” मग सगळं सांगितलं.

पलीकडून सर म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आलं. “हे खापर आणखी कुणी पाहिलंय का?”

ह्यांनी खापर मुठीत झाकलं. माझ्याकडे बघेनातच. वाटलं, आता हा माणूस ‘नाही’ म्हणणार. असा संताप आला मला, सरांचा, ह्यांचा आणि माझासुद्धा! ओल्या हातानेच फोन ओढून घेतला.

“मी पाहिलंय, सर,” मी म्हटलं. “मीच धुतलंय.”