दुसऱ्यांच्या हरण्यावर जगलेले मामा

आमच्या बायकोच्या डिचोलीच्या मामांच्या घरी आशेचा जेवढा खप आहे, तेवढा अख्ख्या गोव्यात कुठे नसेल. शिरगावच्या खाणीवर ट्रक वजन करायच्या काट्यावर ते कारकून होते. खाण बंद पडली; पण मामांच्या मते ती बंद नाही, थांबली आहे. दिल्लीने होकार दिला, कोर्टाने नकार दिला नाही आणि मध्येच कुणी नवा अर्ज ठोकला नाही, तर चतुर्थीनंतर ट्रक सुरू, असं ते दर चतुर्थीला सांगतात. या आशेतून जी काही उरली, ती त्यांनी फुटबॉलला वाहिली. पोरांचा असो की पोरींचा, भारताचा संघ विश्वचषकाच्या पात्रता फेरीत उतरला की मामा दोन बस बदलून पेडण्याला आमच्याकडे येतात, कारण त्यांच्या घरच्या टीव्हीवर फक्त सुनांच्या मालिका पात्र ठरतात.

आपला सामना ते फारसा बघत नाहीत. आपण चार गोल खाल्ले की उलट त्यांचा चेहरा खुलतो, कारण आता इतरांच्या निकालांचं गणित सुरू होतं. उझबेकांनी जॉर्डनला हरवायचं, पण फार नाही. इराणने बरोबरीवर समाधान मानायचं. एकदा माझी आई देवापुढे गाऱ्हाणं घालत होती. मामांनी तिला मध्येच थांबवून किर्गिझ गोलकीपरला सर्दी होऊ दे, एवढं त्यात घालायला लावलं. तो कोण, कुठला, हे न विचारता आईने ते घातलं. त्याला सर्दी झालीही असेल. आपण त्याच्याकडे एकदा तरी चेंडू मारायला हवा होता, ते राहून गेलं.

यंदा मात्र घोटाळा झाला. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात गोलकीपर म्हणून मामांची सख्खी नात उभी राहिली आणि पोरींनी पहिले दोन्ही सामने चक्क जिंकले. शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरे होती. मामा सकाळीच आले. समोरच्या पाव-भाजीला त्यांनी हात लावला नाही.

"आज दुसऱ्या कोणी हरूची गरज नाय," ते म्हणाले. "मगे आता मी करू काय?"

मी म्हटलं, बघा. तर ते खरंच बघत बसले, खुर्चीच्या काठावर. चेंडू नातीकडे आला की यांचे हात पुढे व्हायचे. शेवटची पाच मिनिटं उरली असताना लांबून आलेला एक साधा चेंडू तिच्या हातून निसटला आणि आत गेला. त्या एका गोलाने सामना गेला.

मला मामांकडे बघवेना. मग मीच गणित काढलं: पलीकडच्या गटातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ परवा दोन गोलांनी हरला, तर त्याच्याऐवजी आपण अजून जाऊ शकतो. मामांनी हात वर केला.

"तिका ह्या सांगू नको. ती खेळान हरली. दुसरो हरलो म्हणान जिंकाक तिका शिकवू नको."

तेवढ्यात मामांना नातीचा फोन आला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं. "हरलो गो बाये आपण," ते म्हणाले. "जेवलंस?"

दुपारच्या बसने ते गेले. दोन दिवसांनी पलीकडच्या गटाचा सामना मी दार लावून एकटाच बघितला. दोन गोल हवे होते, एकच झाला. मामांना मी ते कळवलं नाही. त्यांनी आपणहून विचारावं, असं मात्र मला फार वाटत होतं.