अक्काच्या पाठीवरचे नारळ

नारळ दिसला की मला आता शिसारी येते. देवापुढचा असो, ओटीतला असो, नाहीतर चटणीतला. या वैशाखात आमच्या वरवंडच्या घरात जे पाहिलं, त्यानंतर माझी ही गत झाली आहे.

पुतळाअक्का माझी थोरली जाऊ. पन्नाशी ओलांडलेली, पाठीला जरासा बाक, हाताला कायम कांद्याचा वास. या घरात आल्यापासून तिनं काय काय वाहिलं ते विचारू नका. गवताचे भारे, कांद्याच्या पाट्या. आजारी सासऱ्याला तर मोरीपर्यंत पाठुंगळी नेलं. कुणी काही दिलं की घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. तिच्या या स्वभावाचा मला राग येई, आणि देणाऱ्यांची किळस.

रक्तात साखर निघाली म्हणून डॉक्टरनं तिला चालायला लावलं. हायवेच्या कडेनं चालता चालता तिची राजनंदिनी मॅडमशी गाठ पडली. दौंडला शाळेत शिकवणारी ही बाई दर उन्हाळ्यात बायकांचा गट घेऊन महिनाभर हिमालयात पायी हिंडते. अक्कानं स्वतःच्या दोन शेळ्या विकल्या आणि "म्या बी येनार" म्हणून सांगून मोकळी झाली. घरात कुणाचा विश्वासच बसेना.

मॅडमची अट एकच. तिकडं खेचर नाही, हमाल नाही, आपली सॅक आपल्याच पाठीवर. नऊ किलोच्या वर भरली तर दौंड स्टेशनावरूनच परत. एकीचे गुडघे गेले की सगळ्यांना अडकून पडावं लागतं.

अक्कानं शेळ्या जोखायचा ताणकाटा पडवीत टांगला. टॉवेल अर्धा फाडला, कंगव्याची मूठ मोडली, साबणाचा तुकडा ठेवला. साड्या बाजूला सारून दोन पंजाबी ड्रेस घेतले. सॅक काट्याला अडकवायची, बघायची, काहीतरी काढायचं, पुन्हा अडकवायची. काटा नऊच्या आत आला तेव्हा ती लहान पोरीसारखी हसली.

मग नारळ सुरू झाले.

आमच्याकडे कुणी लांबच्या देवाला निघालं की शेजारपाजारची घरं आपापल्या नावाचा नारळ देतात. जाणाऱ्यानं तो नेऊन देवापुढं ठेवायचा. नारळ नाकारायचा नसतो. आमच्या सासूबाई भागुबाई, आम्हा सुनांच्या आत्याबाई, सगळ्या आळीला सांगून आल्या की सून हिमालयाला निघाली.

"आत्याबाई, तिथं देऊळ न्हाई. नुसतं गवात हाय आन् बर्फ," अक्का म्हणाली.

"हिमालयात देव न्हाई? मंग काय शेजारच्या भांडगावात हाय व्हय?"

झालं. कुंकू लावलेले नारळ येत राहिले. चुलत सासरे पोपटराव गंगाजलाला म्हणून रिकामा कॅन घेऊन आले, तोही रॉकेलचा वास मारणारा. नणंदेनं लाडवांचा डबा पाठवला. सोसायटीचे व्हाइस चेअरमन असलेले अक्काचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर जयसिंगराव यांनी बॅटरी आणली, शेतात डुकरं हाकायला वापरतात ती. शिवाय मोबाईलचा चार्जर आणि विटेएवढी पॉवर बँक. "फोन कायम चालू पायजे," असा हुकूमही दिला.

अक्कानं सगळं घेतलं. नारळांनी सॅक अशी फुगली की काट्याकडे बघवेना. आणि मग या बाईनं काय करावं? स्वतःचा स्वेटर काढून ठेवला. त्याच्यामागून स्लीपिंग बॅग काढली. लोकांचे नारळ आत आणि स्वतःची ऊब बाहेर. खरं सांगते, त्या क्षणी मला तिचीसुद्धा किळस आली.

"अक्का, गारठून मरशील."

"नारळाला न्हाई कसं म्हनू, सविता?"

"स्वेटरला कसं म्हनलीस मग?"

एवढं करूनही काटा नऊच्या बराच पुढं होता. संध्याकाळी ती गोठ्यात शेळ्यांच्या रिकाम्या दाव्यांपाशी बसून रडत होती. "मॅडमला सांगते, माझं न्हाई जमत," म्हणाली. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. आयुष्यात एकदा काही मागितलं या बाईनं, आणि तेही आळीच्या नारळांखाली चेंगरून मरणार होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी पडवीतून घाण यायला लागली. मला वाटलं मांजर मेलं. पत्र्याखालच्या उकाड्यानं सॅकमधला एक नारळ तडकला होता. आतलं नासलेलं पाणी ड्रेसवर, मोज्यांवर, लाडवांच्या डब्यावर पसरलं होतं. कुजक्या अंड्यांसारखा वास. सॅक उघडली आणि मी परसात जाऊन ओकले.

परत येते तर आत्याबाई हात जोडून उभ्या! "नासका निघाला! देवाला पावला गं पुतळे!"

नारळ नासका निघाला की देवानं तो आतून खाल्ला, अशी आमच्याकडची समजूत. घाणीलाही पुण्य चिकटवायची आमची ही हौस. माझ्या तोंडाशी शिवी आली होती. पण अक्का पुढं झाली, नाकाला ओढणी लावून.

"खरंच पावला आत्याबाई?"

"मंग! नारळ नासका निघाला म्हंजी पावलाच."

"हितंच पावला म्हना की. मंग बाकीचं कशाला न्यायचं? देव तर हितं येऊन खाऊन गेला."

आत्याबाई स्वतःच बोलून बसल्या होत्या. अक्कानं एकेक नारळ काढून देवघरात रचला. कॅन पोपटरावांच्या ओट्यावर ठेवून आली. लाडवांचा डबा गायीपुढं रिकामा केला, बॅटरी जयसिंगरावांच्या खाटेखाली सारली. ड्रेस धुऊन उन्हात टाकले. स्वेटर आणि स्लीपिंग बॅग पुन्हा आत गेली.

काटा मात्र नऊच्या एक रेघ वर. अक्का त्या रेघेकडे बघत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. जयसिंगराव, अंगणातून.

"चहाची पत्ती कुठंय गं?"

ती रोज पहाटे चालायला जायची तेव्हाही हाच फोन यायचा. लग्न झाल्यापासून पत्तीचा डबा त्याच फळीवर, त्याच जागी आहे.

"फळीवर," अक्का म्हणाली, आणि मला बाजारातून सेफ्टी पिना आणायला पाठवलं. मी आले तेव्हा काटा नऊच्या आत होता. काय काढलं ते तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं तिला दौंड स्टेशनावर सोडलं. मॅडमनं सॅक जोखली आणि मान डोलावली. अक्का गाडीत चढली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि मला ते फार आवडलं.

घरी आल्यावर जयसिंगराव ओसरीवर टेकले. जरा वेळानं त्यांनी फोन लावला. घंटी आमच्याच स्वयंपाकघरातून ऐकू आली.

ते आत गेले, मी मागोमाग. फळीवर चहापत्तीच्या डब्याला टेकून फोन उभा होता. शेजारी चार्जर आणि पॉवर बँक. वर भिंतीला मॅडमचा नंबर चिकटवलेला, खाली लिहिलेलं, 'कोणी मेलं तरच'.

"इसरली वाटतं," जयसिंगराव म्हणाले.

"इसरली न्हाई, भावजी. फोनच्या मागं डबा हाय बघा."

त्यांनी डबा काढला आणि हातात घेऊन तसेच उभे राहिले. पुढं काय करायचं ते त्यांना येत नव्हतं. मी करून देणार नव्हते.