धुऱ्यावरची वाट

नागपुरात रस्ता असलेल्या ठिकाणी हटकून चुकणारा आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी बरोबर पोचणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. नंदनवनातल्या स्वतःच्या घरी परतताना हे आमचे साडू गल्ली विसरतात. पण अंबाझरीच्या जंगलातून निघालेला माणूस झुडपी जंगलं, तलावांचे काठ नि गायरानं धरत उमरेडच्या अरण्यापर्यंत पायी कसा जाईल, हे ते झोपेतही सांगतील. जंगलं राखीव, पण एकमेकांपासून तुटलेली. ती एका पायवाटेनं जोडायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा ध्यास. रविवारी त्यांच्यामागे पाण्याच्या बाटल्या घेऊन मी. "जा न जी, तेवढंच पोट कमी होईन," ही आमच्या घरची प्रेरणा. पोट आहे तिथंच आहे, चपला मात्र झिजल्या.

त्यांच्या मुलासाठी स्थळ पाहायला गेलो, तर पोहे संपताच साडूंनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "तुमच्या गावामांगचा नाला पुढं कुठं निघते जी?" हे जमिनीवर डोळा ठेवून आलेत असा समज होऊन स्थळ गेलं. परतताना साडू हळहळत होते, पण ते नाल्याचं उत्तर न मिळाल्याबद्दल. एकदा त्यांना वाटलं, बकऱ्यांइतकी सोपी वाट कोणी काढत नाही. निघालो एका कळपामागे. वेळ संध्याकाळची, त्यामुळे आमची वाट थेट एका गोठ्यात संपली. "कोण आहे गा?" म्हणत एक बाई काठी घेऊन आली. "तुमच्या बकऱ्याइच्या मांगं आलो," साडू प्रामाणिकपणे म्हणाले. शेवटी तिनंच चहा पाजला.

वाट अडली ती उमरेडच्या अलीकडे, दोन भावांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर. पाऊलभर रुंद बांध, पण तो सोडला तर दोन्हीकडची जंगलं जुळत नव्हती. आजवरची सगळी पायपीट तिथंच वाया. याच धुऱ्यावरून भावांचं बोलणं बंद. थोरला म्हणाला, "चाला ना, धुरा माहाच आहे." धाकटा म्हणाला, "त्यानं हो म्हटलं काय? मंग माहं नाही." साडूंनी आपले खुणेसाठी चुना फासलेले दगड बांधावर मांडले. पुढच्या रविवारी सगळी ओळ थोरल्याच्या तुरीत हातभर शिरलेली; त्याच्या पुढच्या रविवारी धाकट्याच्या पऱ्हाटीत. भावांनी ते हद्दीचे दगड समजून आळीपाळीनं सरकवले होते! "साडूभाऊ," साडू कुतूहलानं वाकून पाहत मला म्हणाले, "माणसाइच्या आधी वाटच चालून राहिली."

मग एका दुपारी त्यांनी सगळे दगड उचलून माझ्या पाठीवरच्या थैलीत भरले. दोघे भाऊ आपापल्या बाजूनं पाहायला आले. "धुरा कोणाचा, मले नाही पाहिजे," साडू म्हणाले. "आमचा पाय कुठं पडते, ते तुम्हीच संगं येऊन पाहा." पाळत ठेवायला म्हणून थोरला पुढे झाला, मध्ये साडू, त्यांच्यामागे धाकटा, शेवटी दगडांखाली वाकलेला मी. अर्ध्यावर थोरला मान न वळवता म्हणाला, "काटा आहे, पाहून." कोणाला म्हणाला कोण जाणे, पण साडूंच्या पायात बूट होते, अनवाणी होता तो धाकटाच. त्यानं पाय उचलून पलीकडे टाकला.

बसकडे येताना मी विचारलं, "म्हणजे परवानगी मिळाली का?"

"इचारू नका साडूभाऊ," ते हळूच म्हणाले. "इचारलं तर दोघाइले भांडण आठवन."

त्या धुऱ्यावर आजही एक खूण नाही. आम्ही तिथं आलो, की आपोआप पाय जरा हलक्यानं टाकतो.