पुसलेला कण परत येतो

दगडाचा तुकडा घासून झाला की ह्युगेत बालांद्रा तो धुई, पुसे आणि डोळे मिटून गालाला लावी. बोटाला न लागणारा ओरखडा गालाला लागतो, असं तिचं म्हणणं. फ्रान्समधल्या फोंतेनब्लोच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं हे रोज आठ-दहा वेळा चाले.

दगड लोखंडाच्या खाणींतून येत. ह्युगेत त्यांना आरशासारखं चकचकीत करी. मग सूक्ष्मदर्शकाखाली खनिजाचे कण उजळ दिसत, बाकीचा दगड काळा. यंत्र त्या कणांचं चित्र घेऊन मोजमाप करी. १९८१च्या वसंतात लोइक केर्मारेक हा तरुण संशोधक यंत्राला नवी रीत शिकवत होता.

"मादाम, जरा इकडे या. जेवण नंतर."

"मसूर गार झाले तर तुझं यंत्र गरम करून देणार का?"

तरी ती गेली. लोइकने कळ दाबली. पडद्यावरचे पांढरे कण कडेकडेने झिजू लागले. बारीक कचरा पार नाहीसा झाला. मोठ्या कणांच्या जागी एकेक ठिपका उरला.

"संपवलंस की सगळं!"

"थांबा तर."

दुसरी कळ. ठिपके वाढू लागले. वाढता वाढता प्रत्येक जण आपल्या जुन्या कडेपाशी येऊन थांबला. खाचा, कोपरे, एका कणाचं वाकडं नाकसुद्धा जसंच्या तसं परत आलं. कचरा मात्र आला नाही.

ह्युगेत पुटपुटली, "यांना थांबायचं कुठे, हे कोणी सांगितलं?"

"मूळ चित्राने. त्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही, एवढंच."

ती बघतच राहिली. मसूर खरंच गार झाले.

पण पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकला कण दिसत होता. तो तर कचऱ्याबरोबर पुरता पुसला गेला होता, त्याचा ठिपकाही उरला नव्हता. मग आला कुठून? लोइकने दोन दिवस सूचनांची यादी उलटसुलट तपासली. गुरुवारी खाणवाले बघायला येणार होते. बुधवारी दुपारी तो अर्धी यादी खोडून नव्याने लिहायला बसला.

ह्युगेतने तो तुकडा गुपचूप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ काही दिसेना. मग दिसलं. मोठ्या कणापासून चिमुकल्या कणापर्यंत केसाहून बारीक उजळ रेघ गेली होती. वाढ त्या रेघेवरून चालत पलीकडे पोचली होती.

ती रेघ दगडातली नव्हती. घासताना जास्त जोर लावला की खनिज असं फरफटतं. हिवाळ्यापासून तिचा उजवा हात थरथरत होता. थरथर दाबायला ती तुकडाच घासायच्या फिरत्या चकतीवर दाबत होती. हे कोणाला ठाऊक नव्हतं. ज्याचे तुकडे सदोष निघतील तो घासकाम सोडून कोठारात जाईल, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी जानेवारीतच बजावलं होतं. चकतीचे दोन हलके फेरे दिले असते तर रेघही गेली असती आणि पुरावाही. आणि लोइकने चांगली रीत वाईट समजून टाकून दिली असती.

तिने त्याला हाक मारली. "खोडू नकोस रे. यंत्र बरोबर आहे." तिने हात पुढे केला. "चूक याची."

लोइकने त्या हाताकडे पाहिलं, मग सूक्ष्मदर्शकात डोकावून ती रेघ पाहिली.

ह्युगेतने तुकडा हलकेच घासला. लोइकने यंत्र पुन्हा चालवलं. सगळे कण परतले, चिमुकला नाही.

"एवढ्याशा रेघेवरून तुझ्या यंत्राला वाट सापडली," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांना सापडत नव्हती."

"साहेबांना यातलं काही सांगायची गरज नाही, मादाम."

"आहे. उद्या माझ्या हातून दुसऱ्या तुकड्यावर रेघ पडेल, तेव्हा तू पुन्हा खोडाखोड करशील. मीच सांगते."

पुढच्या सोमवारी तिची बदली कोठारात झाली. तिच्या जागी आलेली गिस्लेन चाळिशीची होती, हाताची हलकी. ह्युगेतने तिला चकती दाखवली, घासायला लागणाऱ्या हिऱ्याच्या भुकटीचे डबे दाखवले, आपला एप्रन घडी करून पिशवीत टाकला. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"आणि ती खिडकी जरा उचलून ओढ हं, खाली अडकते."