इरफानची खोली

निवृत्त माणसाने वाटल्यास कुत्रा पाळावा, पण ऑनलाइन मराठी शिकवू नये. माझी फजिती ऐका, म्हणजे पटेल.

मी आयुष्यभर कचेरीत लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवले. एवढ्या भांडवलावर परप्रांतीय कामगारांसाठी मराठी संभाषणाचा वर्ग काढला. त्यात थेरगावच्या गॅरेजमधला इरफान होता. त्याला गावाहून बायको आणि तान्ही मुलगी आणायची होती, पण चार मेकॅनिकांच्या खोलीत आणणार कशी? चिखलीला एका मावशींची खोली रिकामी होती. त्यांनी त्याला 'उद्या ये' म्हटलं होतं.

"तू काय बोललास त्यांच्याशी?" मी विचारलं.

"मावशी, रूम द्या ना. बच्ची छोटी हाय."

"अरे, खोली मागतोस की भीक?"

मग मी घरमालक झालो, तो भाडेकरू. 'सदर खोली मला निवासाकरिता मिळावी. अटी व शर्ती मान्य आहेत. नियमानुसार करारनामा करावा.' पोरगं हुशार, घडाघडा म्हणू लागलं. ओळख म्हणून माझा नंबर द्यायलाही मीच सांगितलं. उत्साह, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन.

"मास्तर, तुमी वकील हाय का?"

"नाही हो, कचेरीत क्लार्क होतो."

"मंग त्याहून वाईट. काल किती ग्वाड बोललं पोरगं. मी चावी काढून ठिवली व्हती. आज आलं ते कोर्टाची नोटीस वाचल्यावानी. आमच्या दिराकडं असाच एक कायदा बोलणारा भाडेकरू घुसलाय, अजून निघंना."

"मावशी, तो साधा आहे. ते सगळं मी शिकवलंय."

"म्हंजे त्याच्यामागं माणूस बी हाय! न्हाई मास्तर, न्हाई जमायचं."

मी जितकं समजावत गेलो, तितका वकील वाटत गेलो. खोली गेली. बायकोचं तिकीट रद्द झालं.

पुढच्या वर्गात इरफानने माइक सुरू केला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, अपरिहार्य कारणास्तव मी हा वर्ग सोडत आहे. आपल्याला झालेल्या तसदीबद्दल क्षमस्व."

एक अक्षर चुकलं नाही, कुठे अडखळला नाही.

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास."