मोज्याची टाच

माझ्या सासऱ्यांना लकवा मारला तो लूमवर काम करतानाच. तुटलेला धागा गाठायला म्हणून ते वाकले आणि डाव्या हाताची बोटं मिटेचनात. त्यांनी आधी बोटांना एक शिवी घातली, मग तिथंच खाली बसले.

बेळगावच्या वडगावात आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत साड्यांचे दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर आणि मधल्या जागेत आम्ही सगळे. लग्न होऊन या घरात आले, त्यानंतर थोड्याच दिवसांत मला त्या आवाजाची अशी सवय झाली की लूम थांबले की जाग यायची. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा दवाखान्यातून परत आले ते काठी धरून. वाचा शाबूत होती, डावा पाय ओढत का होईना चालता येत होतं, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. आमचे हे आधीपासूनच उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जायचे. लूम चालवायला कोणी उरलं नाही, म्हणून ते विकले. रिकाम्या झालेल्या खोलीत मामांनी आपली खाट टाकून घेतली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागले.

जेवायला काय करू विचारलं तर "कायबी कर." डॉक्टरांकडं जायचं म्हटलं तर "बघू." ज्या माणसाच्या खाकऱ्यानं गल्लीतली पोरं गप्प व्हायची, त्याचं असं गप्प पडणं आत्यांना सोसायचं नाही. त्या येता-जाता मुद्दाम भांडण काढायच्या. मामा भांडायलाही उठायचे नाहीत.

माझं माहेर निपाणीचं. धाकट्या भावाचं तिथं हायवेला लागून भंगाराचं दुकान आहे. एका दुपारी त्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. उभं लोखंडी नळकांडं, त्याच्या भोवतीनं सुया आणि बाजूला फिरवायचं हँडल. फोटोमागोमाग फोन.

"आक्का, हे काय हाय सांग बघू. हितं एकजण म्हणतोय खिम्याचं मशीन, दुसरा म्हणतोय शेवया पाडायचं."

मलाही ठाऊक नव्हतं. पण फोटो मोठा करून बघितला तेव्हा सुया ओळखीच्या वाटल्या. टोकाला आकडा, आणि आकड्यावर पडणारी एवढीशी जीभ. माझ्या माहेरी शेजारची बाई मशीनवर स्वेटर विणायची, तिच्या सुया अशाच होत्या. मग मोबाइलवर शोधत बसले. कुठल्याशा परदेशातली एक म्हातारी तसलंच हँडल फिरवत होती आणि खालून चक्क पायमोजा बाहेर पडत होता.

"मोज्याचं मशीन हाय रं," मी भावाला म्हटलं. "मोडू नको. मी येते."

मला ते हवं होतं आमच्या ह्यांच्या पायांसाठी. फौंड्रीत दिवसभर जड बूट आणि आत बाजारचे नायलॉनचे मोजे. घरी येऊन बूट काढले की पाय पाण्यात भिजत पडल्यासारखे पांढरे, बोटांच्या बेचक्यांतून कातडं सुटलेलं. आणि आमच्या माळ्यावर लूमच्या दिवसांतलं उरलेलं सुती सूत पोत्यात तसंच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची बस धरून मी निपाणीला उतरले.

भावानं मशीन डिझेलमध्ये बुडवून ठेवलं होतं. गंज निघाला, हँडल फिरायला लागलं. काही सुया मोडक्या होत्या. त्यातली एक नमुन्याला घेऊन मी बेळगावच्या बाजारात स्वेटरची मशीनं दुरुस्त करणाऱ्याकडं गेले. त्यानं चार डबे उपसून जुळणाऱ्या सुया काढल्या आणि कानसीनं घासून बसत्या करून दिल्या.

मशीन मी पुढच्या खोलीतच मेजाच्या कडेला आवळून बसवलं, कारण दुसरीकडं जागाच नव्हती. मामांनी मान वळवून एकदा बघितलं आणि परत भिंतीकडं तोंड केलं.

साडीचं सूत बारीक, म्हणून चार-पाच पदर एकत्र करून घेतले. हँडल फिरवलं की एकेक सुई खाली जाते, धागा ओढून घेते आणि जुन्या टाक्यातून नवा टाका काढते. विणलेलं खाली ओढलं जावं म्हणून तळाला भावाच्या दुकानातलं तराजूचं वजन लटकवलं. पहिले काही दिवस टाके सुटत राहिले. मग हात बसला. माझी आई निपाणीत विड्या वळायची आणि शाळेतून आल्यावर आम्हीही तिच्याबरोबर बसायचो, त्यामुळं बोटांनी बारीक काम करायचा कंटाळा मला नव्हता. एका सकाळी हातभर लांब नळी सलग विणून निघाली. मी ती आत्यांना नेऊन दाखवली.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "दुधी भोपळ्याला झबलं शिवलंस व्हय?"

त्यांचं खोटं नव्हतं. नळी म्हणजे मोजा नव्हे. टाच वळल्याशिवाय मोजा होत नाही, आणि टाच काही केल्या वळेना.

टाचेसाठी पुढच्या निम्म्या सुया वर उचलून ठेवायच्या, म्हणजे त्या विणत नाहीत. मागच्या निम्म्या सुयांवर हँडल पुरतं न फिरवता इकडून तिकडं आणि तिकडून इकडं न्यायचं. प्रत्येक खेपेला कडेची एक सुई वर घ्यायची. मोजक्याच उरल्या की मग एकेक परत खाली सोडत यायचं. त्यातून जी लहानशी पिशवी तयार होते ती टाच. अडचण अशी की हँडल माघारी वळलं की धागा ढिला पडतो. तो ताणून धरायला मशीनवर स्प्रिंगची एक तार असते, आणि आमच्या मशीनची ती तार कधीच तुटून गेलेली. एक हात हँडलला, एक सुयांना. धागा धरायचा कोणी?

आत्यांना बसवून बघितलं. त्या हँडल अशा फिरवायच्या जसं काही जात्यावर दळण टाकलंय. सुया वर घ्यायला मला सवडच मिळायची नाही. दोनदा सगळं उसवल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्यानं न्हाय होत बाई. मला भाकरी थापायच्यात."

मी एकटीच झटत राहिले. टाके सुटायचे, वजन धाडकन खाली पडायचं. एका दुपारी असंच वजन पडलं आणि खाटेवरून आवाज आला, "बंद कर गं ते खडखडणं."

मीही वैतागलेली होते. म्हटलं, "मग तुम्ही या हितं आणि फिरवा. मला काय तिसरा हात न्हाय."

बोलून गेले आणि माझं मलाच कसं तरी झालं. ज्यांचा एक हात गेलाय त्यांच्यापुढं हातांचा हिशेब मांडला. स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाजही थांबला. मामा भिंतीकडंच बघत होते. तसंच म्हणाले, "माझ्याकडं एकच हाय. चालतोय काय?"

मी स्टूल आणून मेजाजवळ ठेवलं. ते काठी टेकत आले, बसले, लुळा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला आणि हँडल धरलं.

नळी विणायला त्यांना काडीची गोडी वाटली नाही. "ह्याला काठ न्हाय, पदर न्हाय. नुसतं गोलगोल फिरत ऱ्हायाचं," असं पुटपुटत ते फिरवत होते. मग टाच आली. मी पुढच्या सुया वर घेतल्या, धागा चिमटीत ताणून धरला आणि सांगितलं, "आता निम्मंच. तिकडं न्या. थांबा. आता माघारी आणा." त्यांनी तिकडं नेलं, माघारी आणलं. परत नेलं, परत आणलं. मग थांबले आणि पहिल्यांदाच वाकून सुयांकडं बघितलं.

"धोट्यागत चाललंय की हे," ते म्हणाले. "जातंय आणि येतंय."

तिथून ते मला विचारेनासेच झाले. तोंडानं "गेला… आला…" म्हणायला लागले, जसं तरुणपणी हातमागावर आडवा धागा नेणारा धोटा टाकताना म्हणत असतील. त्यांच्या "गेला"नंतर मी एका कडेची सुई वर घ्यायची, "आला"नंतर दुसऱ्या कडेची. भांडणं झालीच. मी उशीर करते असं त्यांचं म्हणणं, ते घाई करतात असं माझं. पहिली टाच निम्मी झाली आणि सगळं विणकाम सुयांवरून सुटून वजनासकट खाली आदळलं. मामाच पडले असं वाटून आत्या पिठाच्या हातानं धावत आल्या. बघतात तर मी जमिनीवर बसून उसवलेलं सूत गोळा करतेय आणि मामा स्टुलावर हसताहेत. तोंडाची डावी बाजू अजून नीट हलत नव्हती, त्यामुळं ते हसू वाकडंच होतं. पण चांगलं पोट हलवून हसत होते. आत्या दारात उभ्या राहून बघत राहिल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्याच आठवड्यात टाच वळली. शेवटची सुई खाली सोडली, मामांनी हँडल पुरतं गोल फिरवलं आणि एकही टाका सुटला नाही. मशीनखाली हात घालून मी चाचपलं तर मऊ, गोल फुगवटा माझ्या तळव्यात बसला. "आली," मी म्हटलं. मामांनीही हात पुढं केला, अंगठ्यानं ती टाच दाबून बघितली, आणि "फिरव पुढं, पाऊल बाकी हाय," म्हणून स्वतःच फिरवायला लागले. पुढं चवडाही टाचेसारखाच वळवायचा असतो. मशीनवरून उतरवल्यावर बोटांवरचं तोंड तेवढं उघडं राहतं, ते सुईनं बंद करावं लागतं. ते काम आत्यांनी मागून घेतलं आणि अशी शिवण घातली की शोधून सापडू नये.

पहिली जोडी आमच्या ह्यांच्या पायांत गेली. एक मोजा चिंतामणी रंगाचा आणि दुसरा चिंतामणी संपल्यामुळं निम्म्यातून मोतिया. ते कामावरून आल्यावर आम्ही तिघंही त्यांच्या पायांकडंच बघत बसलो. बूट काढला, मोजा काढला. पाय कोरडा होता.

"अजून करा की," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर भावाच्या घराची वास्तुशांत आली आणि मी निपाणीला गेले. चार दिवस राहून परत आले तर आत्या दारातच उभ्या. "आत जा आणि बघ," त्या म्हणाल्या, "तुझा सासरा काय करतोय."

मामा मेजाशी बसले होते. मान वर, हनुवटी पुढं, आणि मशीनकडं जाणारा धागा दातांत धरलेला. उजव्या हातानं हँडल तिकडं न्यायचे, थांबायचे, हँडल सोडून त्याच हातानं सुई वर घ्यायचे, परत हँडल धरायचे. माघारी येताना धागा ढिला पडला की मान मागं घेऊन ताणून धरायचे. बोलता येत नव्हतं म्हणून नाकातून नुसतं "हं… हं…" चाललं होतं. मी दिसले तशी त्यांनी भुवयांनीच "थांब" म्हणून खुणावलं.

मी पिशवी हातातच धरून उभी राहिले. वेळ लागला. मध्ये एक टाका सुटला, तो त्यांनी आत्यांच्या केसातल्या पिनेनं उचलून परत सुईवर चढवला. शेवटची सुई खाली गेल्यावर हँडल सबंध गोल फिरवलं आणि मगच तोंडातला धागा सोडला.

"दात हायत की अजून," ते म्हणाले.

मी मशीनखाली वाकून टाच बघितली. घट्ट, सारखी, कुठं भोक नाही. अभिमानानं मी त्यांच्या पाया पडले तर ते म्हणाले, "पाया काय पडतीस, चहा टाक. तोंडात सुताची चव ऱ्हायलीया."

तो मोजा त्यांनी स्वतःसाठी केला होता. लकव्यानं त्यांचा डावा पाय सुजायचा आणि बाजारच्या मोज्याचं रबर घोट्यावर वळ उठवायचं. म्हणून डाव्या पायाचा मोजा त्यांनी सैल विणला आणि उजव्याचा नेहमीसारखा. दोन्ही घालून, काठी घेऊन ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेले, जिथं त्यांच्याबरोबरीचे जुने विणकर सकाळच्या उन्हात कट्ट्यावर बसतात. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी त्या कट्ट्याचं तोंड बघितलं नव्हतं.

परत आले ते मागणी घेऊनच. एकाला साखर आहे, त्याचे पाय बधिर झालेत. एकाच्या पायाच्या शिरा फुगल्यात. एकाला काहीच झालेलं नाही, पण त्याला मामांसारखाच मोजा पाहिजे. मामा ज्याच्या-त्याच्या पायाचं माप सुतानं घेऊन आले होते आणि कुठलं सूत कोणाचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

डावा हात काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले होते तसाच तो राहिला. पण आमच्या पुढच्या खोलीत आता सकाळपासून मशीन चालू असतं. मी स्वयंपाक आवरून येते आणि नळीचं काम घेते. टाच आली की मामा मला उठवतात. भावानं तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी नवी तार बसवून देतो म्हटलं, तर मामा म्हणाले, "नगं. माझं बिघडवू नको."

या थंडीत एकदा दूध आणायला म्हणून मी सकाळी कोपऱ्यावरून गेले. कट्ट्यावर ओळीनं म्हातारे बसलेले. सगळ्यांच्या पायांत आमचे मोजे, साड्यांच्या उरलेल्या सुताचे. वांगी, आबोली, मोरपंखी, कोणाला दोन पायांना दोन रंग. मामा काठी टेकून त्यांच्यापुढं उभे होते.

"पाय वर कर रं," ते एकाला दटावत होते. "टाच दाव. चपलंबिगर फिरलास काय कुठं? एवढी झिजली कशी?"

आणि तो म्हातारा निमूटपणे पाय वर करून दाखवत होता.