शिकवायला कुणी नव्हतं तेव्हाचं कॅल्क्युलस

चाळिशी ओलांडल्यावर मी बी.एस्सी.ला पुन्हा प्रवेश घेतला. पूर्वी एकदा पहिलं वर्ष झालं होतं. मग आई अंथरुणाला खिळली, मग माझं लग्न झालं, आणि शिक्षण तिथंच राहिलं. पनवेलजवळ विचुंब्याला राहायला आल्यावर मी सोसायटीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागले. मुलं टिकत होती, पालक खूश होते. पण नवीन कुणाची आई चौकशीला आली की हमखास विचारायची, "तुमचं शिक्षण?" मी म्हणायचे, "बी.एस्सी. अर्धवट." त्यांना त्याचं फार काही वाटत नसावं. मलाच तो शब्द टोचायला लागला होता.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. म्हणाला, "कर की. फक्त अभ्यासाच्या नादात कुकर गॅसवर विसरू नकोस."

जुने मार्क चालले नाहीत. पनवेलच्या कॉलेजात पहिल्या वर्षापासून पुन्हा बसावं लागलं. सुरुवातीला मी वर्गात शिरले की मुलं मला कुणाची तरी आई समजून उठून उभी राहायची. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यांना सवय झाली, मलाही झाली. आणि दुसऱ्या वर्षात तो पेपर आला: एकाहून जास्त चलांचं कॅल्क्युलस आणि त्याच्या पुढे व्हेक्टर अॅनालिसिस. वरच्या वर्गातली मुलं त्याचं नाव काढलं की मान हलवायची.

शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, अकोल्याकडच्या. कॉलेजात तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढाच पगार, आणि नेमणूक दर वर्षी नवी. मला काय हाक मारायची ते त्यांना कळायचं नाही. शेवटी त्या मला मॅडम म्हणायला लागल्या आणि मी त्यांना मॅडम. वर्गाला याची फार गंमत वाटायची.

त्यांचा पहिला तास मला अजून आठवतो. त्यांनी फळ्यावर x आणि y असलेलं एक साधं फंक्शन लिहिलं आणि विचारलं, "शून्यापाशी याचं लिमिट काय?" एका मुलाने x-अक्षावरून जाऊन शून्य काढलं. दुसऱ्याने y-अक्षावरून जाऊन शून्य काढलं. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मग मॅडमनी तिरकी रेघ ओढली. "आता या वाटेनं चालून बघा." उत्तर आलं अर्धा.

"मग खरं उत्तर कोणतं?" मी विचारलं.

"कोणतंच नाही, मॅडम. कुठूनही आलं तरी एकच उत्तर यायला पाहिजे. नाही आलं, तर लिमिटच नाही."

शाळेपासून मी जे कॅल्क्युलस केलं होतं त्यात फक्त डावीकडून आणि उजवीकडून यायचं असायचं. इथे एका बिंदूकडे यायला इतक्या वाटा होत्या की मोजायची सोयच नाही. त्या दिवशी रिक्षात मी एकटीच हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

माझ्या शेजारी बसायची ती मुलगी पनवेलचीच, कोकणी मुसलमान घरातली. वडील कतारला, आणि बाजारातलं भांड्यांचं दुकान आई सांभाळायची. मुलगी आकडेमोडीत वाघीण होती. पार्शल डेरिव्हेटिव्ह तर ती मी पेनाचं टोपण काढेपर्यंत संपवायची. पण आकृती म्हटलं की अडायची. "मला हा वाडगा दिसतच नाही, ताई," ती पॅराबोलॉइडकडे बघून म्हणायची. मला वाडगा दिसायचा, पण हाताला गंज चढला होता. तेव्हा आमचं जमलं. मी तिला चित्र काढून द्यायचे, ती माझ्या चिन्हांच्या चुका काढायची. तिला पुढे एम.एस्सी. करायचं होतं, त्यासाठी प्रवेश परीक्षेची तयारी सुरू होती. या पेपरात कच्चं राहून तिला चालणार नव्हतं.

सेमिस्टर अर्धं सरलं. डबल इंटिग्रल सुरू झाले होते. एका तासाला व्हेक्टर फील्ड म्हणजे काय हे सांगताना मॅडमनी विचारलं, "प्रत्येक ठिकाणी दिशा आणि जोर दोन्ही असलेली एखादी गोष्ट सांगा." मागून कुणीतरी म्हणालं, "तळोज्याचा वास." संध्याकाळी वारा फिरला की तिथल्या कारखान्यांच्या केमिकलचा वास कुठवर येतो हे वर्गातल्या निम्म्या मुलांना घरबसल्या माहीत होतं. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "वासाला दिशा नसते. वाऱ्याला असते. पण चालेल, जवळ आलात."

त्याच तासाच्या शेवटी त्यांनी खडू खाली ठेवला आणि सांगितलं की त्यांना गावाकडच्या कॉलेजात कायमची नोकरी मिळाली आहे. लगेच रुजू व्हायचं होतं. "अर्ध्यातून सोडून जाते आहे, वाईट वाटते," त्या म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांना कायमची नोकरी मिळाली याचा आनंद खरा होता. पण टाळ्या थांबल्यावर सगळे फळ्याकडे बघायला लागले. त्यावर व्हेक्टर फील्डचे बाण अर्धेच काढलेले होते.

आम्ही चार-पाच जण विभागप्रमुखांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "जाहिरात द्यावी लागते, मुलाखती होतात. तोवर तुम्ही लायब्ररीत वाचन करा," ते म्हणाले. ते तरी दुसरं काय सांगणार होते?

लायब्ररीत आम्ही एक-दोन दिवस बसलो. मग मुलं कमी व्हायला लागली. आणि मीही जाणं बंद केलं. घरी कारणं भरपूर होती. मुलगी अकरावी सायन्सला, तिचा अभ्यास, माझ्या शिकवण्या, सासूबाईंचे गुडघे. हा पेपर पुढच्या वर्षी देऊ असं मी मनाशी ठरवून टाकलं. ते ठरवणं फार सोपं गेलं. सोडून देण्यातला हा सोपेपणा माझ्या ओळखीचा होता, म्हणून तर जरा अस्वस्थ वाटत होतं. पण तेवढंच.

एका दुपारी बेल वाजली. दारात वर्गात माझ्या शेजारी बसणारी ती मुलगी, हातात स्टीलचा डबा. माझं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. सोसायटीच्या वॉचमनला "गणिताच्या बाई" म्हणून विचारत आली होती.

"अम्मीने तांदळाची सांदणं दिलीत," ती म्हणाली. आत येऊन बसली, पाणी प्यायली, आणि मग सरळ म्हणाली, "ताई, तुम्ही का येत नाही?"

मी कारणं सांगायला लागले. तिने ती सगळी ऐकली.

"तुम्ही यायच्या तोवर पोरं येत होती. त्यांना वाटायचं, एवढ्या मोठ्या बाई येऊन बसतात, आपण कसं जायचं नाही. आता कोणीच येत नाही. मी एकटी बसते, आणि मला त्या रीजनचं चित्र काढता येत नाही."

"अगं, मी येऊन काय करणार? मलाच कुणीतरी शिकवायला हवंय."

"तुम्ही दहावीच्या मुलांना शिकवता ना? तसंच आम्हाला शिकवा. आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"आणि चुकलं तर?"

"मी आहे ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं.

माझी मुलगी आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. पाहुणी गेल्यावर बाहेर आली, एक सांदण उचललं आणि म्हणाली, "आई, तू मला रोज जे ऐकवतेस ना, तेच ती तुला ऐकवून गेली." मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यापुढे उभी राहिले तेव्हा वर्गात मोजकीच मुलं होती. शिकवण्या घेणं वेगळं. तिथं मुलं जमिनीवर चटईवर असतात, आणि आपल्याला सगळं येत असतं. इथं मी आदल्या रात्री वाचून लिहिलेली वही हातात धरून होते. मी एक इंटिग्रल लिहिलं ज्याचा आतला भाग कुठल्याच युक्तीने सुटत नाही. मुलांनी झटापट करून पाहिली. मग मी त्रिकोण काढला आणि म्हटलं, "आपण याचे उभे काप घेतोय. आडवे घेऊन बघू." क्रम उलटा केला, मर्यादा बदलल्या, आणि आत एक y आला. त्या y मुळे सगळं अलगद सुटलं. माझी वर्गातली शेजारीण पहिल्या बाकावरून त्रिकोणाकडे बघत राहिली. "म्हणजे जागा तीच, फक्त कापायची पद्धत बदलली," ती हळूच म्हणाली. तिला पहिल्यांदा चित्र दिसलं होतं.

त्याच आठवड्यात पोलर कोऑर्डिनेट करताना मी फळा भरून गणित केलं आणि उत्तर भलतंच आलं. मी दोनदा तपासलं. चूक सापडेना.

"ताई, r राहिला," ती म्हणाली.

राहिलाच होता, पोलरमध्ये गेलं की गुणावा लागतो तो r. मी पुसून पुन्हा लिहिलं. कुणी हसलं नाही. आश्चर्य म्हणजे त्यानंतर मुलं जास्त बोलायला लागली. बाई चुकतात म्हटल्यावर आपणही चुकायला हरकत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

खाडीकाठच्या गव्हाणहून मोटारसायकलने येणारा एक जण होता. वर्षभर तो शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघायचा. सरफेस इंटिग्रलपाशी मी अडखळले. पृष्ठभागाला लंब असलेला व्हेक्टर घ्यायचा हे पुस्तकात होतं, पण का घ्यायचा ते मला नीट मांडता येईना. मी दोन-तीनदा तेच वाक्य फिरवून फिरवून म्हटलं. तेव्हा तो मागून बोलला.

"आमी खाडीत डोल लावतो. डोल म्हंजे पिशवीसारखं जाळं. त्याचं तोंड पान्याच्या ओढीसमोर ठेवलं तर पानी सरळ आत येतं. तोंड जरा तिरपं झालं की कमी येतं. आनि एकदम बाजूला वळलं तर पानी नुसतं कडेनं जातं, आत काय नाय येत." मग फळ्याकडे बघत म्हणाला, "तेच हाय ना हे?"

तेच होतं. मी त्याला फळ्याशी बोलावलं. तो लाजत आला, त्याने जाळ्याचं तोंड काढलं, पाण्याचे बाण काढले, आणि मी त्याच्या आकृतीवर चिन्हं लिहिली. त्यानंतर तो दुसऱ्या बाकावर बसायला लागला. ग्रीनचं प्रमेय त्यानेच समजावून सांगितलं, अर्थात आधी घरी मला फोन करकरून.

परीक्षा जवळ आली तेव्हा एकदाचे नवे सर आले. निवृत्त, सत्तरीकडे झुकलेले, स्वच्छ पांढरा शर्ट. मी स्टोक्सचं प्रमेय सुरू केलं होतं आणि त्यात पुरती अडकले होते. ते दारात उभे राहिले. मी खडू पुढे केला.

सरांनी फळा पाहिला. "चला, आपण पहिल्यापासून घेऊ," ते म्हणाले.

वर्गात एकदम गलका झाला. शेजारीण उठून उभी राहिली. "सर, पहिल्यापासून नको. आमचं इथपर्यंत झालंय."

"कुणी घेतलं?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. सरांनी मला एक प्रश्न विचारला, मग गव्हाणच्या मुलाला एक, मग शेजारणीला एक अवघड. "बरं," ते म्हणाले. "मग मी शंका घेतो. बसा, बाई." मी जाऊन बाकावर बसले. हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर जराशी हुरहूरही लागली. दोन्ही हातांना खडू लागलेला होता. मी तो ओढणीला पुसला आणि पेन काढलं.

सरांनी स्टोक्स छान शिकवला, पण तो माझ्या डोक्यात काही बसला नाही. पेपरात त्याच्यावर प्रश्न आला आणि तो मी सोडून दिला. बाकी सगळं लिहिलं.

निकाल लागला तेव्हा मी बाजारात मेथी निवडून घेत होते. फोन वाजला. शेजारीण होती. कॉलेजात पहिली आली होती. गव्हाणवालाही पास झाला होता, आणि त्याला या पेपरात त्याच्या इतर कुठल्याही विषयापेक्षा जास्त मार्क होते.

"तुमचे किती, ताई?"

मी सांगितले. चांगले होते, फार चांगले नव्हते. पलीकडे ती पुटपुटत हिशेब करत होती.

"स्टोक्स सोडला होता ना?"

"हो."

"मग बरोबर आहेत," ती म्हणाली. "अम्मी विचारते, जेवायला कधी येताय?"

मी म्हटलं, येते रविवारी. भाजीवाली जुडी हातात धरून थांबली होती. मी पिशवी पुढे केली, आणि तिने काही विचारलं नव्हतं तरी तिला सांगून टाकलं, "पास झाले."

"मुलगी का?" ती म्हणाली.

"नाही, मी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि मेथीबरोबर थोडी कोथिंबीर पिशवीत टाकली.